हॉर्न अँटेनापासून जीएमआरटीच्या डेटापर्यंत: भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या संशोधन प्रकल्पाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान बीएस्सी आणि एमएस्सी भौतिकशास्त्राचे विद्यार्थी आणि त्यांना प्रकल्प देणारे शिक्षक यांच्यासाठी आहे. उदाहरण एकाच क्षेत्राचे घेतले आहे: रेडिओ खगोलशास्त्र. पहिला टप्पा हाताने बांधलेल्या हॉर्न अँटेनाचा (पत्र्याचे भोंग्यासारखे तोंड असलेला रेडिओ अँटेना), दुसरा जीएमआरटी या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या खुल्या डेटाचा.

प्रॅक्टिकल आणि संशोधन प्रकल्प यांत नेमका फरक काय?

प्रॅक्टिकलमध्ये उत्तर आधीच ठाऊक असते. गुरुत्वत्वरण ‘जी’ची किंमत ९.२ आली तर विद्यार्थी वाचने ‘जुळवतो’ आणि जर्नल सही होऊन येते. संशोधनात जुळवायला उत्तरच नसते. आपला आकडा किती चुकलेला असू शकतो, हे स्वतःच ठरवावे लागते. प्रकल्पाचे बहुतेक शिक्षण या एका गोष्टीत आहे, म्हणून खाली जवळजवळ प्रत्येक उत्तरात त्रुटीचा हिशेब येईल.

मग रेडिओ खगोलशास्त्रच का?

दिवसा चालते, ढगातून चालते, शहरातल्या गच्चीवरही चालते. उपकरणाचा प्रत्येक भाग उघडून बघता येतो. शिवाय ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश असलेली जीएमआरटी ही दुर्बीण जुन्नर तालुक्यात खोडदला आहे आणि तिचा जुना डेटा कोणालाही मागता येतो. कॉलेजात कंडेन्स्ड मॅटरची चांगली प्रयोगशाळा असेल तर तिथलाच विषय घ्या. रेडिओचा हट्ट नको.

हॉर्न अँटेनाने काय मोजायचे?

आकाशगंगेतल्या उदासीन हायड्रोजनची वर्णरेषा: वारंवारिता १४२०.४०६ मेगाहर्ट्झ, तरंगलांबी २१.१ सेंमी. व्हॅन डे हुल्स्ट यांनी १९४४ मध्ये तिचे भाकीत केले, आणि १९५१ मध्ये हार्वर्डला इवेन व पर्सेल यांनी हॉर्न अँटेनानेच ती पकडली. वायू आपल्याकडे येत असेल तर रेषा वरच्या वारंवारितेकडे सरकते, दूर जात असेल तर खाली. सेकंदाला १ किमी वेग म्हणजे ४.७४ किलोहर्ट्झ. एवढ्या एका आकड्यावर सगळा प्रयोग चालतो.

मापे सांगा.

मागचा डबा (वेव्हगाइड): आतून रुंदी १७ सेंमी, उंची १० सेंमी, खोली २० ते २५ सेंमी, एक बाजू बंद. त्याला जोडलेले शंकूसारखे पसरत जाणारे तोंड: ७५ × ६० सेंमी, तिरकी लांबी ८० ते ९० सेंमी. ७५ ची बाजू डब्याच्या १७ च्या बाजूशी जुळली पाहिजे. ही अदलाबदल होते आणि मग कुणाच्या लक्षात येत नाही. अशा हॉर्नचा गेन (समोरच्या दिशेचा सिग्नल किती जास्त पकडतो ते माप) साधारण १८ डेसिबेल आणि बीम (एका वेळी दिसणारा आकाशाचा भाग) सुमारे २० अंश रुंद असतो.

प्रोब म्हणजे डब्यातल्या लहरी पकडणारी २ ते ३ मिमी जाडीची तांब्याची तार, एन-टाइप किंवा एसएमए कनेक्टरच्या मधल्या पिनेला सोल्डर केलेली. ती १७ सेंमीच्या रुंद बाजूच्या बरोबर मध्यरेषेवर, बंद टोकापासून ६.७ सेंमी अंतरावर आत घालायची. हा ६.७ कुठून आला? डब्यातली तरंगलांबी मोकळ्या हवेतल्यापेक्षा जास्त असते. १७ सेंमी रुंदीला ती २६.९ सेंमी भरते आणि तिचा चौथा हिस्सा ६.७. इथे २१.१ चा चौथा हिस्सा, म्हणजे ५.३ घेणे ही नेहमीची चूक. प्रोबची लांबी मात्र मोकळ्या हवेतल्या तरंगलांबीवरून ठरते: ५ ते ५.३ सेंमी. सुरुवातीला ५.५ ठेवा आणि १.५ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारा नॅनोव्हीएनए (परावर्तन मोजणारे छोटे उपकरण) लावून मिलिमीटर-मिलिमीटरने कापत जा. १४२० ला परावर्तन उणे १५ डेसिबेलच्या खाली गेले की थांबा.

अर्धा ते एक मिमी जाडीचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा पुरतो. पत्र्याचे काम करणाऱ्याकडून वाकवून घ्या, सांधे पॉप रिव्हेटने बसवा आणि वरून अ‍ॅल्युमिनियमची चिकटपट्टी लावा. शंकूच्या भिंतीत एखाद-दोन मिमीची फट राहिली तर बिघडत नाही. कनेक्टरची बॉडी आणि डब्याचा पत्रा यांचा मात्र धातूला धातू लागूनच संपर्क हवा. मध्ये रंग किंवा गोंद असेल तर सगळे वाया. अ‍ॅल्युमिनियमला सहजी सोल्डर बसत नाही, म्हणून तिथे स्क्रूच वापरा.

१५ लिटरचा तेलाचा डबा चालेल का?

हायड्रोजनची रेषा दिसेल, पण मोजमापासाठी नको. तो डबा साधारण २३ ते २४ सेंमी चौरस असतो. रुंदी एका तरंगलांबीपेक्षा जास्त झाली की १४२० ला एकाऐवजी अनेक मोड (लहर डब्यातून जाण्याच्या वेगवेगळ्या रचना) शिरतात आणि बीमचा आकार बिघडतो. रुंदी १०.६ ते २१.१ सेंमीच्या मध्ये आणि उंची १०.५ च्या आत ठेवली की एकच मोड उरतो. ही दोन-तीन समीकरणे विद्यार्थ्याकडून सोडवून घ्या. वेव्हगाइडचे प्रकरण परीक्षेसाठी वाचलेले असते, वापरलेले क्वचितच.

पुढे काय काय जोडायचे?

प्रोबला थेट चिकटून कमी नॉईजचा अ‍ॅम्प्लिफायर (एलएनए). १४२० साठी फिल्टरसह तयार मिळतो. नूइलेकचा सॉबर्ड एच१ बरेच जण वापरतात. त्यानंतर केबल, मग आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीला लागणारा छोटा रेडिओ रिसीव्हर) आणि लॅपटॉप. एलएनए आणि प्रोब यांच्या मध्ये केबल नको. तिथे फक्त १ डेसिबेल घट झाली तरी प्रणालीच्या तापमानात (उपकरणाच्या एकूण नॉईजचे केल्विनमधले माप) सुमारे ७५ केल्विनची भर पडते, आणि साध्या आरजी-५८ केबलची दोन मीटर लांबी १४२० ला त्याहून जास्त खाते. एलएनएच्या पुढे मात्र दहा मीटर केबल टाकलीत तरी फारसे बिघडत नाही, कारण सिग्नल आधीच वाढलेला असतो.

डोंगल घेताना टीसीएक्सओ स्फटिक (तापमान बदलले तरी वारंवारिता स्थिर ठेवणारा) असलेलाच घ्या. दशलक्षात १ भाग चूक असेल तर वेगात ०.३ किमी/सेकंद फरक पडतो. स्वस्त डोंगलात ती ५० भाग असू शकते, म्हणजे १५ किमी/सेकंद. आकाशगंगेच्या फिरण्याचा आलेख काढणाऱ्याला ही चूक परवडत नाही.

सगळे जोडले, पण रेषा दिसतच नाही.

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. क्रमाने तपासा.

आधी हॉर्न जमिनीकडे करा, मग आकाशाकडे. एकूण शक्ती किमान ३ डेसिबेलने पडली पाहिजे. पडली नाही तर एलएनएला वीजच मिळत नाही (डोंगलची बायस-टी, म्हणजे केबलमधूनच वीज पाठवण्याची सोय, सॉफ्टवेअरमधून चालू करावी लागते), किंवा प्रोब पत्र्याला टेकला आहे, किंवा ऑटोमॅटिक गेन चालू राहिला आहे. ऑटोमॅटिक गेन बंद करणे ही पहिली अट. तो चालू असताना शक्तीतला प्रत्येक फरक तो स्वतःच पुसून टाकतो. गेन हाताने इतका ठेवा, की हॉर्न जमिनीकडे असतानाही ८ बिटांचा एडीसी (सिग्नलचे आकडे करणारा भाग) भरून जाणार नाही.

शक्ती पडते, पण वर्णपटात टेकडी नाही? मग बँडपासचा, म्हणजे उपकरणाच्या स्वतःच्या प्रतिसादाचा, आकार काढून टाकलेला नसणार. फिल्टर आणि ट्यूनर यांची स्वतःची चढउतार हायड्रोजनच्या टेकडीपेक्षा मोठी असते. आकाशगंगेच्या पट्ट्यापासून दूरची दिशा, उदाहरणार्थ सिंह आणि स्वाती यांच्या मधला भाग, संदर्भ म्हणून नोंदवा आणि तिने भागा. तिथेही थोडा हायड्रोजन असतोच. तो शून्य धरला तर शून्य वेगाजवळ खोटा खड्डा पडतो. दुसरा मार्ग वारंवारिता बदलत राहण्याचा: एकदा १४२०.० वर केंद्र, एकदा १ मेगाहर्ट्झ बाजूला, आणि दोन्हींची तुलना.

केंद्र बरोबर १४२०.४ वर कधीच ठेवू नका. डोंगलच्या केंद्राशी एक कायमचा काटा असतो आणि तो नेमका शून्य वेगावर येऊन बसतो. पहिल्या आठवड्यात “हायड्रोजन सापडला” असे सांगत येणाऱ्या गटाला बहुतेक वेळा हाच सापडलेला असतो.

एकाच चॅनेलमध्ये (वारंवारितेच्या एका अरुंद कप्प्यात) उभी रेघ दिसत असेल तर तो मानवी अडथळा. हायड्रोजनची टेकडी किमान ५० ते १०० किलोहर्ट्झ रुंद असते. १४०० ते १४२७ मेगाहर्ट्झचा पट्टा आंतरराष्ट्रीय नियमांनी राखीव असला तरी गच्चीवरचे एलईडी दिवे, इन्व्हर्टर, सीसीटीव्हीचे वीजपुरवठे आणि तुमचाच लॅपटॉप यांना तो ठाऊक नसतो. एकेक बंद करून बघा.

आलेख डेसिबेलमध्ये आहे. केल्विनमध्ये कसा आणायचा?

गरम आणि थंड अशा दोन वाचनांनी. जमीन ३०० केल्विन, डोक्यावरचे आकाश अंदाजे १० केल्विन धरा. दोन शक्तींचे गुणोत्तर २.५ आले तर रिसीव्हरचे तापमान (३०० − २.५ × १०) ÷ १.५, म्हणजे सुमारे १८३ केल्विन. विद्यार्थ्याला एवढ्यावर सोडू नका. आकाशाचे तापमान १० ऐवजी २० धरले तर उत्तर किती हलते? जमिनीकडे रोखलेल्या हॉर्नला कडेने आकाश तर दिसत नाही ना? एलएनए उन्हात तापला की गेन घसरतो, म्हणून सुरू करून अर्धा तास थांबा आणि दर तासाला ही दोन वाचने पुन्हा घ्या.

एका दिशेला किती वेळ नोंद करायची?

नॉईज = प्रणालीचे तापमान ÷ √(चॅनेलची रुंदी × वेळ). २.४ मेगाहर्ट्झचे ५१२ चॅनेल केले तर प्रत्येक ४.७ किलोहर्ट्झचा, म्हणजे जवळपास १ किमी/सेकंदाचा पडतो. १५० केल्विन आणि ५ मिनिटे धरली तर नॉईज ०.१३ केल्विन. आकाशगंगेच्या पट्ट्यात टेकडी काही दहा केल्विनची असते, म्हणजे ५ मिनिटे भरपूर झाली. त्यानंतर तासभर नोंद करूनही आलेख सुधारत नसेल, तर चूक नॉईजची नाही, बँडपासची आहे. वेळ दुप्पट, चौपट करत नॉईज खरोखर वर्गमुळाने उतरतो का, याचा आलेख काढायला लावा. तो कुठे सपाट होतो, तिथे उपकरणाची मर्यादा लागते.

कोणत्या महिन्यात, कुठे रोखायचे?

ऑक्टोबरात अंधार पडता पडता हंस डोक्याच्या थोडा उत्तरेला असतो. तिथे आकाशगंगीय रेखांश सुमारे ८० अंश. स्थानिक वायू शून्य वेगाजवळ आणि बाहेरच्या भुजांचा वायू ऋण वेगाला (म्हणजे आपल्याकडे येताना) दिसतो. गरुड त्याच्या दक्षिणेला. डिसेंबरात मध्यरात्री सारथी-वृषभाचा भाग डोक्यावर येतो. तो आकाशगंगेच्या केंद्राच्या विरुद्ध बाजूला असल्याने तिथे वेग शून्याजवळच यायला हवा. नाही आला तर वेगाच्या दुरुस्तीत चूक आहे. हीच फुकटची तपासणी. क्षितिजापासून ४० अंशांच्या खाली जाऊ नका, जमिनीची उष्णता आत येते.

जानेवारीत सूर्य गरुडाच्या जवळपास असतो. एवढ्या हॉर्नमध्ये शांत सूर्य सुमारे ४० केल्विनची भर टाकतो. निरीक्षणाला तो त्रासदायक, पण हॉर्न स्थिर ठेवून सूर्य बीममधून सरकू दिला तर बीमची रुंदी मोजून मिळते. तेही करून घ्या.

मोजलेला वेग आणि पुस्तकातला वेग यांत २०-३० किमी/सेकंदाचा फरक येतो.

पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किमी वेगाने फिरते आणि सूर्य आसपासच्या ताऱ्यांच्या तुलनेत सुमारे २० किमीने सरकतो. ही दुरुस्ती अ‍ॅस्ट्रोपाय या पायथनच्या लायब्ररीत होते. निरीक्षणाची वेळ भारतीय प्रमाणवेळेत लिहून यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) म्हणून भरली की साडेपाच तासांची चूक होते. वेगाला त्याने फारसे काही होत नाही, पण दिशा ८० अंशांपेक्षा जास्त चुकते.

फिरण्याचा आलेख काढताना ० ते ९० अंश रेखांशातला सर्वाधिक वेग घेतात आणि त्यात सूर्याचा आकाशगंगेच्या केंद्राभोवतीचा वेग गुणिले रेखांशाची ज्या (साइन) मिळवतात. ‘सर्वाधिक वेग’ म्हणजे टेकडीचा शेवट, पण शेवट कुठे धरायचा? ३ सिग्मा की टेकडीचा निम्मा उतार? दोन्हींनी करून बघा. फरक हीच तुमची त्रुटी. २० अंशांच्या बीममध्ये जवळपासचे रेखांशही मिसळतात, आणि सुमारे २० अंश रेखांशाच्या आत तर आकाशगंगेच्या मधल्या दांड्यामुळे पद्धतच लागू होत नाही. तरीही तिथले बिंदू आलेखावर ठेवणारे अहवाल पुष्कळ दिसतात.

याला संशोधन म्हणायचे का?

नाही. ही तालीम आहे. आकाशगंगेचे फिरणे अशा हॉर्नने कुणाला नव्याने कळणार नाही. उपकरणाशी इतकी झटापट झाल्यावर दुसऱ्याच्या दुर्बिणीचा डेटा डोळे उघडे ठेवून बघता येतो, एवढ्यासाठी ती करायची. एमएस्सीच्या मुलांना वेळ कमी असेल तर हॉर्न सहा आठवड्यांत आटोपा.

खरा प्रश्न कुठून आणायचा?

सुरुवातीला तयार सर्वेक्षणांतून. जीएमआरटीने १५० मेगाहर्ट्झला उत्तर ध्रुवापासून उणे ५३ अंशांपर्यंतचे आकाश बघितले; त्याच्या प्रतिमा आणि सव्वासहा लाखांच्या आसपास स्रोतांची यादी टीजीएसएस नावाने खुली आहे. १४०० मेगाहर्ट्झला अमेरिकेतल्या व्हीएलए या दुर्बिणीचे एनव्हीएसएस हे सर्वेक्षण आहे. दोन्हींत सापडणाऱ्या स्रोताचा वर्णपट-निर्देशांक (वारंवारितेबरोबर तीव्रता किती वेगाने बदलते तो आकडा) काढा. उणे १.३ पेक्षा तीव्र उताराचे स्रोत निवडा. त्यांत फार दूरच्या रेडिओ दीर्घिका निघू शकतात, विझत चाललेल्या दीर्घिका निघू शकतात, एखादा पल्सरही (ठरावीक काळाने रेडिओ स्पंद पाठवणारा फिरता तारा) निघू शकतो. आता इथे शिक्षकालाही उत्तर ठाऊक नाही.

अडचणी इथेच सुरू होतात. टीजीएसएसची भेदनक्षमता २५ विकला (आर्कसेकंद), एनव्हीएसएसची ४५. एकात दोन दिसणारे स्रोत दुसऱ्यात एक होतात आणि निर्देशांक खोटाच तीव्र निघतो. आधी दोन्ही प्रतिमा एकाच बीमवर आणा. टीजीएसएसच्या तीव्रतेत आकाशाच्या काही भागांत पद्धतशीर चूक असल्याचे नंतर दाखवले गेले आहे, म्हणून त्या भागातले शेजारचे साधे स्रोतही तपासा. दोन सर्वेक्षणांमध्ये पंधराएक वर्षांचे अंतर आहे, तेवढ्यात स्रोतच बदललेला असू शकतो. दोन्ही तीव्रतांत १० टक्के त्रुटी धरली तर निर्देशांकात सुमारे ०.०६ ची त्रुटी येते. ती न लिहिता तीन दशांश स्थळे देणारा तक्ता परत पाठवा.

घरी बसून हे काम शिकायचे तर खगोलशास्त्रज्ञ आनंद होता यांनी २०१३ मध्ये सुरू केलेला रॅड@होम हा नागरिक-विज्ञान प्रकल्प आहे. त्यात जीएमआरटीच्या प्रतिमा वाचायला शिकवतात.

जीएमआरटीचा कच्चा डेटा कॉलेजच्या संगणकावर झेपेल का?

एका निरीक्षणाचा डेटा काही दहा जीबीपासून शेकडो जीबीपर्यंत असतो. ३२ जीबी रॅम, १ टीबीची रिकामी डिस्क आणि लिनक्स हवे. निरीक्षण करणाऱ्याचा राखीव काळ संपला की डेटा ऑनलाइन आर्काइव्हमधून मागता येतो. कासा हे सॉफ्टवेअर वापरा. पहिल्यांदा कॅप्चरसारखी तयार पाइपलाइन न लावता एकदा तरी हाताने करा: बिघडलेल्या अँटेना आणि अडथळे काढणे, ३सी २८६ किंवा ३सी १४७ सारख्या ज्ञात स्रोताने तीव्रतेचे मोजमाप, फेज कॅलिब्रेशन, प्रतिमा, मग सेल्फ-कॅलिब्रेशन (त्याच प्रतिमेचे मॉडेल वापरून पुन्हा दुरुस्ती). सेल्फ-कॅलिब्रेशनची घाई केली की मॉडेलमध्ये नसलेला अंधुक स्रोत हळूहळू नाहीसा होतो आणि प्रतिमा मात्र सुंदर दिसते.

पल्सरवर काम करता येईल?

येईल, आणि बीएस्सीलाही झेपते. बी०३२९+५४ पासून सुरुवात करा: आवर्तकाल ०.७१४५ सेकंद, डिस्पर्शन मेझर (वाटेतल्या इलेक्ट्रॉनांमुळे कमी वारंवारितेचा स्पंद किती उशिरा येतो याचे माप) २६.८. ३०० आणि ५०० मेगाहर्ट्झ यांच्यात त्याचा स्पंद सुमारे ७९० मिलिसेकंद मागेपुढे होतो, म्हणजे पूर्ण आवर्तनापेक्षाही जास्त. ही दुरुस्ती न करता सगळे चॅनेल बेरजेला घेतले की स्पंद विरघळून जातो. पुढे जायचे तर भारतीय पल्सर टायमिंग अ‍ॅरे हा गट जीएमआरटीनेच पल्सरांच्या वेळा मोजतो. युरोपीय गटासोबतचे त्यांचे निकाल जून २०२३ मध्ये आले.

शिक्षकाचे क्षेत्र वेगळे असेल तर?

चालेल, पण दोन अटी. दर आठवड्याला ठरलेल्या वारी तासभर बैठक, आणि या क्षेत्रातला एक माणूस महिन्यातून एकदा तरी आलेख बघणारा. एका गटात तीन विद्यार्थी पुरेत. सहा असले की दोघे काम करतात.

नोंदवही कशी ठेवायची?

पानांवर क्रमांक असलेली, शाईने लिहिलेली. तारीख, यूटीसी वेळ, दिशा, गेन, फाइलचे नाव, हवामान. चुकीचे वाचन खोडू नका, कारण लिहून एक रेघ मारा. कोड गिटवर ठेवा. कच्ची फाइल कधीही बदलू नका.

श्रेयांकांत कसे बसवायचे?

चार वर्षांच्या पदवीत ‘संशोधनासह ऑनर्स’ घेणाऱ्याला यूजीसीच्या २०२२ च्या आराखड्यात संशोधनासाठी १२ श्रेयांक आहेत. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण ही अट. विद्यापीठाचे स्वतःचे परिपत्रक वेगळे असू शकते, ते आधी बघा. प्रस्ताव सातव्या सत्राच्या आधीच्या उन्हाळ्यात तयार हवा. जुलैत विषय शोधायला बसलेल्या गटाचे दिवाळीपर्यंत काही होत नाही.

लेख छापला तर नाव कोणाचे?

ज्याने विश्लेषण केले त्याचे. नुसती खोली उपलब्ध करून देणाऱ्याचे नाव आभारात जाते. हे पहिल्या बैठकीत बोलून वहीत लिहा. पैसे घेऊन पंधरा दिवसांत छापणाऱ्या नियतकालिकांकडे फिरकू नका. लेखापेक्षा नीट लिहिलेला अहवाल आणि चालणारा कोड पीएचडीच्या मुलाखतीत जास्त उपयोगी पडतो.

बाहेर कुठे अर्ज करता येतो?

पुण्यातल्या एनसीआरए आणि आयुका या खगोलसंस्थांच्या उन्हाळी कार्यक्रमांना, टीआयएफआरच्या व्हीएसआरपी या उन्हाळी कार्यक्रमाला, मानखुर्दच्या होमी भाभा केंद्राच्या एनआययूएस या पदवी विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमाला. तीन विज्ञान अकादमींची उन्हाळी फेलोशिप दोन महिन्यांची असते आणि ती शिक्षकांनाही मिळते. हे फार थोड्या शिक्षकांना ठाऊक आहे. अर्जात “खगोलशास्त्राची लहानपणापासून आवड” हे वाक्य नको. तुमच्या हॉर्नचे प्रणाली-तापमान किती आले आणि ते कमी का होत नाही, हे लिहा.

पावसाळ्यात हॉर्नचे काय करायचे?

तोंडावर ताडपत्री नको, थर्मोकोलची शीट लावा. रेडिओ लहरी तिच्यातून जवळपास तशाच जातात, पण ओली झाली की मात्र नाही. कनेक्टरांवर सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप गुंडाळा, केबलला खाली झोळ द्या म्हणजे पाणी तिथून गळेल. डब्याच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यात ३ मिमीचे भोक पाडा. एलएनए आणि डोंगल काढून खाली आणा. सप्टेंबरात पुन्हा लावण्याआधी डबा आतून बघा, गांधीलमाश्यांनी घर केलेले असते.